तिकीटबाबूंची विचारपूस

ब्रह्मपुरीच्या मोटार स्टँडवर आमचे तिकीटबाबू बसत होते, त्या सात-आठ वर्षांत त्यांनी ज्याची विचारपूस केली नाही असा माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता. चांद्याची मोटार वेळेवर सुटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात इंजिनाचा दोष क्वचितच असे. खिडकीशी एखादी म्हातारी आली की तिकीट फाडण्याआधी बाबू तिच्या गुडघ्यांची चौकशी करत, मग सुनेच्या बाळंतपणाची, मग आटलेल्या म्हशीची. भोंगा वाजवून ड्रायव्हर थकला की मान बाहेर काढून शांतपणे म्हणत, "थांब ना बाप्पा. चांदा काही पळून नाई राह्यला."

भांडलेल्या माणसांवर त्यांचा विशेष डोळा. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ एकदा चांद्याला एकमेकांविरुद्धच्याच तारखेला निघाले होते. मोटार अर्धी रिकामी असताना बाबूंनी दोघांना शेवटच्या बाकावर शेजारी बसवलं आणि बाकीच्या जागा गेल्या म्हणून बेधडक सांगितलं. संध्याकाळी दोघे एकाच डबीतली तंबाखू मळत उतरले. खटला चालूच राहिला, पण तारखेला ते जोडीनं जाऊ लागले. मी कौतुक केलं तर म्हणाले, "माणूस बाजूले बसला का त्याचा घाम लागते, गुरुजी. मंग राग किती वेळ टिकते?"

आणि हाच माणूस स्वतः कोणाच्या बाजूला बसत नसे. आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा बायकोनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोन कोन असते?" बाबूंनी घास थांबवला. "बाई, हे वांग्याची भाजी कशी केली तुम्ही?" बायको अर्धा तास भाजी सांगत बसली आणि ते गेल्यावर मला म्हणाली, किती मोकळा माणूस आहे. त्यांच्या खोलीवर कोणी गेलं तर ते चप्पल घालून बाहेरच येत आणि आपल्याला आपल्याच घरापर्यंत पोचवत. चहाचे पैसे कुणाला देऊ दिले नाहीत. आभार मानले की त्यांना एकदम काम आठवे.

एका भादव्यात खिडकी दोन दिवस बंद राहिली. तापानं पडलेत असं कळलं, म्हणून मी शाळा सुटल्यावर गेलो. दाराला आतून कडी होती.

"गुरुजी काय?" आवाज बारीक आला. "मी बरा आहो. उठाचा कंटाळा आला फक्त. पोरीचा खोकला कसा आहे?"

मी सांगितलं. कोणता काढा दिला, रात्री किती वेळा उठली, बायको कशी चिडते, सगळं. चांगली पंधरा मिनिटं मी त्या बंद दाराला माझ्या घरची हकीकत सांगत उभा होतो. आतून मधून मधून "हो" येत होतं, मग येईनासं झालं. झोप लागली असेल असं समजून मी हलक्या मनानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडसमोरच्या शिंप्यानं दार फोडलं. खोलीत एक घोंगडी, एक तांब्या. तांब्या कोरडा होता.

अंगणात दीडशे माणसं जमली आणि प्रश्न निघाला, कळवायचं कोणाला? "चिमूरचे होते," शिंपी म्हणाला, "माह्याच गावाकडचे." ड्रायव्हर म्हणाला, सिरोंच्याचे. मला तर त्यांनी आपलं आजोळ भद्रावतीजवळ, माझ्या गावाला लागूनच असल्याचं सांगितलं होतं. ज्याला त्याला त्यांनी त्याच्याच गावाशेजारचं गाव सांगितलं होतं, आणि त्या आनंदात आम्हांपैकी एकालाही पुढचं विचारायचं सुचलं नव्हतं. एवढ्या माणसांत पत्र लिहायला पत्ता नव्हता. कडी काढा, असं मी त्या दाराशी एकदाही म्हटलं नव्हतं. बहुधा मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतंच. मला फक्त माझं ऐकून घेणारं कोणी हवं होतं.

वैनगंगेच्या काठावर भटजींनी मृताच्या वडिलांचं नाव विचारलं. नदी भरून वाहत होती. अखेर शिंपी पुढे झाला.

"माह्या बापाचं घ्या महाराज. सखाराम."

सात वर्षं तो माझे सदरे शिवत होता. त्याच्या बापाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.