सुमतीवहिनींचे नापास वाल

कल्याणच्या तहसील कचेरीबाहेर माझे टेबल असते. लोकांचे अर्ज, विनंत्या, तक्रारी मी तेथे लिहून देतो, आणि माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याची वेळ सहसा कोणा अधिकाऱ्यावर येत नाही. त्या दिवशी समोरच्या फोन बूथवाल्याने हाक मारली. डोंबिवलीहून पुतण्या मिलिंद बोलत होता. "काका, लगेच निघा." मी विचारले, "दादा?" कारण आजारी दादाच होता. तो म्हणाला, "नाही काका. आई. झोपेतच गेली."

सुमतीवहिनींना जाऊन आता महिना उलटला. आजवर मी इतरांच्या वतीने लिहीत आलो. आज स्वतःच्या वतीने लिहितो आहे.

माझा थोरला भाऊ वसंतदादा डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासनीस होता. त्याने नापास केलेला माल पास करण्याची मालकाचीही छाती होत नसे. निवृत्तीनंतर त्यास विस्मरणाचा आजार जडला. आधी नावे गेली, मग नाती गेली. वहिनींनाही तो ओळखेना. कामावर जायचे, एवढे मात्र तो विसरला नाही. दुपार झाली की चपला शोधू लागे. एकदा तर तो अनवाणीच कारखान्याच्या फाटकाशी सापडला, रखवालदाराशी हुज्जत घालत. मिलिंदने दाराला बाहेरून लावण्यासाठी कुलूप आणले. दादाला एखाद्या संस्थेत ठेवावे असे माझे मत पडले, आणि त्यासाठी बिनतोड अर्ज लिहून देण्याची तयारीही मी दर्शविली. वहिनींनी सारे ऐकून घेतले. म्हणाल्या, "भावजी, अर्ज राहू द्या. पुढच्या वेळी येताना कडवे वाल घेऊन या."

वहिनींच्या हातचे बिरडे साऱ्या इमारतीत नावाजलेले होते. भिजवून मोड आणलेले वाल सोलताना डाळ फुटता कामा नये, मोड तुटता कामा नये. वहिनींचा दाणा कधी फुटल्याचे कोणी पाहिले नव्हते. त्याच वहिनी भर दुपारी दादाच्या वाटेत पाट मांडून परात घेऊन बसल्या आणि वाल चेंगरू लागल्या. दादा एका पायात चप्पल घालून थांबला.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"नवीन आहे, साहेब."

"ते दिसतंच आहे. सरक तिकडे."

ज्या माणसाने जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो मांडी घालून बसला आणि दिवेलागणीपर्यंत उठला नाही. मग हे रोजचेच झाले. घरचे वाल पुरेनात, म्हणून वहिनी दारोदार मागून आणू लागल्या. शेजारीण म्हणाली, "अहो, बिरडं खाऊन खाऊन आमचे हे वैतागलेत." वहिनी म्हणाल्या, "त्यांना उपास धरायला सांगा. वाल तेवढे पाठवा." दादा रोज त्यांचे वाल नापास करी आणि उठताना स्वतः सोललेल्यांची एक वाटी त्यांच्यापुढे सरकवी. "हा नमुना. समोर ठेव आणि शिक." त्या मान खाली घालून "हो साहेब" म्हणत. मी एकदा न राहवून विचारले, "वहिनी, इतके कसे ऐकून घेता?" त्या हसल्या. "उभ्या संसारात हे कधी एवढा वेळ माझ्यासमोर बसले होते, भावजी? ओरडू देत की."

ते कुलूप कधी लागलेच नाही. कपाटावर पडून राहिले.

तेरावे आटोपल्यावर एका दुपारी मिलिंद परात घेऊन बसला. आईने शिकविल्याप्रमाणे त्याने एकेक वाल अलगद, सबंध सोलला. दादाने परात न्याहाळली. काढण्याजोगी चूक सापडली नाही, तसा तो उठला आणि चपला शोधू लागला. मिलिंदची नजर कपाटावर गेली... मी घाईने परात पुढे ओढली. या कामात मला काडीचीही गती नाही, हे येथे नमूद करतो. मुद्दाम चेंगरण्याची गरज पडली नाही. दादा परत फिरला.

"हा आणखी एक नवशिका. ती बाई कुठाय?"

"रजेवर आहे, साहेब," मी म्हणालो.

"आली की पाठव माझ्याकडे. हात बसत आलाय तिचा. कायम करायचंय तिला."

मग तो बसला आणि दिवेलागणीपर्यंत सोलत राहिला. उठताना त्याने वाटी भरली. मी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला, आणि वाटी समोरच्या रिकाम्या पाटापुढे नेऊन ठेवली.