मुलुंडचं भजन आणि मॉरिशसचा देवमासा

भजनी मंडळात किस्से कसे साठतात, तर देवळाबाहेर चपला साठतात तसे. कुठली कुणाची ते कळत नाही. उठताना जो तो पायाला लागेल तो किस्सा घालून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगतो, की हे माझ्याच बाबतीत झालं. आमच्या मुलुंडच्या मंडळातले माझे कितीतरी किस्से मी असे दुसऱ्याच्या पायात बघितलेत. मी काही बोलत नाही. मी मागच्या रांगेतला टाळकरी.

पण मॉरिशसचे किस्से कुणाला नेता येत नाहीत. तिथं आम्हीच गेलो होतो. ऐंशी सालानंतर गिरण्या बंद पडल्या, आमच्यातला कोण वॉचमन झाला, कोण बोल्टच्या कारखान्यात लागला, कोण आरेच्या गोठ्यात. त्याच दिवसांत आमचं मंडळ विमानात बसून परदेशात गायला गेलं. आता म्हातारा झालो, तरी हे सांगताना पाठ आपोआप सरळ होते.

* * *

आम्ही कोकणातली माणसं, आमचं भजन डबलबारीचं. म्हणजे दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एक बुवा गातो तेव्हा दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही, पखवाजावर बोटसुद्धा ठेवायचं नाही. त्याची बारी संपली की मग आपली, आणि त्याने जे टाकलं त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं.

भिवाजी नावाचा मॉरिशसचा माणूस आपल्या पूर्वजांचं गाव शोधत आला होता. भिवाजी हे खरं त्याच्या पणजोबाचं नाव. तो बोटीतून तिकडे ऊस तोडायला गेला आणि त्याचं नावच पुढच्यांचं आडनाव झालं. गाव काही सापडलं नाही. पण मुलुंडला ओळखीच्यांकडे उतरला होता, तो एका संध्याकाळी मैदानात आमची बारी ऐकायला बसला, आणि शेवटपर्यंत उठला नाही.

मग आमच्या बुवांकडे आला. आमचे बुवा म्हणजे तातू परब. गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटात गायची सवय, त्यामुळे त्यांना माईक कधी लागला नाही. भिवाजीने त्याच्या अडखळत्या मराठीत विचारलं, की ह्यात हरलं कोण?

बुवा म्हणाले, "ज्याला ऐकायचा कंटाळा आला, तो."

भिवाजी दुसऱ्या दिवशी परत आला आणि पुढच्या गणपतीला सगळ्यांनी माझ्या घरी यायचं म्हणाला. आम्हाला वाटलं, पाहुणा चांगला आहे, बोलून गेला. पण पुढच्या श्रावणात तिकिटं आली.

* * *

आमचा पखवाजवाला भिकाजी. आरेच्या युनिटात म्हशी धुवायचा, आणि हाताला पखवाज असा, की म्हशीसुद्धा दूध जास्त देतात असं तोच सांगायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. परदेशात कणीक कशी मिळेल कोण जाणे, म्हणून भिकाजीने बुवांच्या बायकोकडून, म्हणजे आमच्याबरोबर निघालेल्या काकींकडून, मुलुंडलाच गोळा मळून घेतला आणि डब्यात भरून विमानात मांडीवर ठेवला.

तिकडे उतरेपर्यंत कणीक आंबली. कस्टमच्या साहेबाने डबा उघडला आणि मान मागे घेतली. खायची वस्तू आत न्यायची नाही म्हणाला. भिकाजी म्हणाला, ही खायची नाही. साहेब म्हणाला, मग कशाची? भिवाजी घ्यायला आला होता, पण काचेच्या पलीकडे, नुसते हात हलवत.

भिकाजीने खुणेनं सांगून बघितलं. नाही जमलं तेव्हा तिथंच फरशीवर बसला, पखवाजाची खोळ काढली, कणीक थापली आणि हात टाकला. मागची सगळी रांग पुढे आली. त्यात एकाला हिंदी येत होतं, त्याने साहेबाचा प्रश्न परत विचारला. भिकाजी वाजवता वाजवताच म्हणाला, "आमच्या पोटात गेली तर भाकरी, ह्याच्या पोटाला लागली तर भजन. साहेबांना सांगा, दोन्हीपैकी काय ते जप्त करा."

साहेबाने डबा बंद करून स्वतःच्या हाताने त्याला दिला. त्यानंतर नाक पुसलं, ती गोष्ट वेगळी.

* * *

भिवाजीचं घर समुद्राला लागून. घरात रोजचं बोलणं त्यांच्या भाषेतलं, आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण गणपती बसला आणि आरतीला उभे राहिले, तर पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना सगळी आरती तोंडपाठ.

आम्ही मुलुंडच्या सवयीने आरती पळवायला सुरुवात केली. आमच्याकडे मागे प्रसादाची रांग असते, आरती पळवावीच लागते. तर आम्ही पुढे आणि ती माणसं मागे. त्यांची चाल संथ, एकेक शब्द पाण्यात बुडवून काढल्यासारखी. बुवांनी हात वर करून आम्हाला थांबवलं आणि स्वतः त्यांच्या चालीत शिरले. मागून आम्हीही.

संपल्यावर भिकाजी म्हणाला की बुवा, आपण यांना शिकवायला आलो ना?

बुवा म्हणाले, "माझी आजी अशी म्हणायची. ही चाल आपण हरवली, यांनी ठेवली. आता गुपचूप उचल."

त्या दिवशी बुवांना इतका आनंद झाला, की दुपारभर समुद्रासमोर बसून त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर गात राहिले. समोरून वारा. वर बर्फ घातलेलं सरबत. संध्याकाळी काकींना हाक मारायला तोंड उघडलं, तर आतून काही आलंच नाही.

* * *

विसर्जनाच्या आदल्या दिवशी आमचं मोठं भजन होतं. सगळ्या बेटावरची मराठी माणसं यायची होती. आणि बुवांचा गळा बंद.

गावच्या डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघितली. सूज आहे म्हणाला, गळा वापरू नका, सूज उतरेल. आवाज पहिल्यासारखा येईल का, तर त्याने खांदे उडवले. आत एक गाठही दिसते म्हणाला, मुंबईला गेलात की दाखवा.

काकींनी बोलायची बंदीच घातली. बुवांना पाणी पाहिजे तर एक बोट, चहा पाहिजे तर दोन. घरोघरची बाई येऊन काढा देऊन जायची. भिकाजी मुद्दाम बुवांसमोर म्हणाला, "काकी, लग्नापासूनची इच्छा पुरी झाली तुमची."

"मेल्या, तुझो पण आवाज घालवूक देवाक सांगतंय," काकी म्हणाल्या. बुवासुद्धा हसले, बिनआवाजाचे.

पण मागच्या पडवीत नारळ खवताना काकींचा हात थांबलेला मी बघितला. मी बाजूला बसून खोबरं गोळा करत होतो. त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या. "गिरण गेली तेव्हा हे एक दिवस जेवले नाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माग मालकाचो होतो, गळो माझो आसा. आता ह्यो पण गेलो तर मी तेंका काय सांगू?"

 मी दुसरा नारळ फोडून दिला.

* * *

भजनाच्या आदल्या सकाळी भिवाजी म्हणाला, घरात बसून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघता, त्याने माणूस आणखी बुडतो. चला, देवमासा दाखवतो. त्याची लाकडी होडी होती, इंजिनवाली. एरवी मासेमारी, आणि त्या मोसमात देवमासे बघायला आलेल्या गोऱ्या टुरिस्टांना फिरवायचा. त्या दिवशी पण एक गोरं जोडपं होतं, गळ्यात दुर्बीण.

बुवांना यायचं नव्हतं. काकींनी हात धरून बसवलं.

भिकाजी किनाऱ्यावरच सुरू झाला. आम्ही मालवणचे, दर्या आमच्या रक्तात, माझ्या बापाने वादळात जाळं ओढलंय वगैरे. गोऱ्या बाईला खुणेनं सांगत होता, की घाबरू नका, मी आहे. खडकांची रांग ओलांडून होडी खुल्या पाण्यात आली आणि भिकाजी बोलायचा बंद झाला. मग हिरवा पडला. मग काठाला लोंबकळला. गोऱ्या बाईने त्याची पाठ चोळली, लिंबू हुंगायला दिलं.

मी म्हटलं, "भिक्या, रक्तातला दर्या बाहेर पडतोय की काय?"

तो होडीच्या तळाला फळ्यांवर आडवा झाला आणि डोळे मिटले.

* * *

देवमासा कसा दिसतो, असं मला मुलुंडला खूप जण विचारतात. मी सांगतो, आधी दिसत नाही, आधी ऐकू येतो. पाठीमागे कुणीतरी भला मोठा उसासा टाकावा तसा आवाज आला. वळून बघतो तर पाण्यावर वाफेचं झाड उभं. त्याखाली काळी पाठ वर आली, आणि येतच राहिली. ती संपेना. आमच्या चाळीच्या एका टोकाला उभं राहून दुसरं टोक बघावं तशी. शेवटी शेपूट उचललं, त्यातून पाणी गळत होतं, आणि काही आवाज न करता आत गेलं.

गोरा टाळ्या वाजवत होता. काकींनी हात जोडले. भिकाजीने पडल्या पडल्या विचारलं, केवढा होता?

मी म्हटलं, तुझ्या युनिटातल्या म्हशी एकामागे एक उभ्या कर.

"किती म्हशी?"

"तुझ्या कमी पडतील."

बुवा मात्र जिथं शेपूट बुडालं तिथंच बघत होते. सगळी सकाळ त्यांनी बोट वर केलं नव्हतं, पाण्यासाठी नाही की चहासाठी नाही.

* * *

भिवाजीने इंजिन बंद केलं. म्हणाला, वाट बघू, वर येईल. होडी नुसती डुलत होती. पाणी फळ्यांना लागायचं तेवढाच आवाज.

तेवढ्यात तळाला पडलेला भिकाजी म्हणाला, "खाली कोणतरी गातंय."

मी म्हटलं, तुला ऊन लागलं. पण भिवाजी हसला नाही. तो म्हणाला, आहे, नर आहे. ह्या दिवसांत खाली स्थिर राहून गातो. लाकडी होडी असली की फळीतून ऐकू येतं. माझा बाप मला झोपवून ऐकवायचा.

आम्ही एकेकाने खाली वाकून कान लावला. खरंच होतं. आधी खोल, पखवाजाच्या डाव्या तोंडासारखं. मग ते चढत चढत वर गेलं, दरवाजा करकरावा तितकं बारीक झालं, तुटलं, आणि परत खालून निघालं. मी कान काढला तो अंगावर काटा घेऊनच.

बुवा शेवटी वाकले. आधी गुडघ्यावर, मग सरळ आडवेच झाले, भिकाजीच्या शेजारी. फळीला कान, डोळे मिटलेले. उठायचं नाव नाही. एक हात छातीवर होता, त्याची बोटं हळूहळू हलायला लागली. मी इतकी वर्षं त्यांच्या मागे टाळ धरून बसलोय, मला ती बोटं माहीत. बुवा समोरच्याची चाल मोजत होते.

बराच वेळ गेला. मासा वर येईना. गोऱ्याने घड्याळावर बोट आपटलं, लांब पाणी उडत होतं तिकडे दाखवलं, तिकडे चला म्हणाला. पैसे देणारं गिऱ्हाईक, भिवाजी तरी काय करणार? तो इंजिनाकडे गेला आणि दोरीला हात घातला.

काकी उठून उभ्या राहिल्या. होडी हलत होती तरी काही न धरता.

"थांब रे झिला," त्या म्हणाल्या. "समोरच्या बुवाची बारी चालू आसा."

भिवाजीने दोरी सोडली. गोऱ्याला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या माणसाने डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली.

खालचं गाणं कधी थांबलं ते आम्हाला कळलं नाही. बुवांना कळलं. ते उठून बसले, मांडी घातली, पाठ ताठ केली. भिकाजीही भिंतीला धरावं तसा काठाला धरून उठला आणि त्याने फळीवर हात ठेवला. काकींनी तोंडाला पदर लावला. मनाई होती, पण त्यांनी अडवलं नाही.

बुवांनी खालचा सूर लावला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घासत, फाटत, पण आला. जिथं खालच्या माशाने सोडलं होतं, तिथूनच उचलला. भिकाजीने फळीवर ठेका धरला. मग बुवा गात गेले, हळू, त्या बेटावरच्या संथ चालीत, एकेक शब्द पाण्यात बुडवून काढल्यासारखे. आवाज पहिला नव्हता. पण त्यांचाच होता.

बारी पुरी केली. समेवर आले. समोरच्या मंडळाला करतात तसा पाण्याकडे बघून नमस्कार केला.

आणि परत आडवे होऊन फळीला कान लावला.