चार पानं कोणाची?

संशय माझ्या स्वभावातच आहे, आणि नवघरच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवून तो चांगला मुरलाय. आमच्या भागात शाळेचे प्रोजेक्ट करून देणाऱ्या बायका बिल्डिंगगणिक सापडतात. थर्माकोलचा किल्ला म्हणा, पाणीबचतीवर निबंध म्हणा, सगळं तयार मिळतं. त्यामुळे एखाद्या मुलाने काही सुंदर आणलं की आनंद व्हायच्या आधी मला शंका येते.

तरीही गेल्या वर्षी आठवीला एक वेगळा गृहपाठ दिला. मुलं गोष्ट वाचतच नाहीत, प्रश्नांची उत्तरं तेवढी हुडकतात, याचा मला वैताग आला होता. एका धड्यात आई एकाच वाक्यापुरती येते: ती कामाला गेलेली असते. तिची त्या दिवसाची रोजनिशी लिहा, म्हटलं.

बहुतेकांनी अर्धं पान खरडलं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने मात्र चार पानं आणली. त्यातली आई कारखान्याच्या गेटवर पोचते आणि घराला कडी लावली की नाही हेच तिला आठवत नाही. मग दिवसभर मशीनपुढे उभी राहून ती त्या कडीचाच विचार करते. तेरा वर्षांच्या पोरीला हे कुठून सुचणार? कोणाकडून लिहून आणलंस, असं मी भर वर्गात विचारलं. चोरी पकडली म्हणून मी मनातून खूश झाले. दुसऱ्याच दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं.

आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला. खाडा करून आली होती. मी वही पुढे केली. तिने उभ्या उभ्या, ओळीवर बोट ठेवत वाचली.

"हप्ताभर विचारत होती मला, कामावर तुझ्या मनात काय चालू असतं म्हणून," ती म्हणाली. "डब्याचं, पाय दुखतात त्याचं, ते मी सांगितलंय. पण कडीचं मी कधीच कोणाला बोलले नाही, टीचर. हिला कसं कळलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली, पैकीच्या पैकी मार्क दिले आणि विषय मिटला असं धरून चालले.

पुढच्या महिन्यात नवी गोष्ट वाचली. तिच्यातल्या म्हाताऱ्याला पत्र लिहायचं होतं. त्या मुलीने दहा ओळी आणल्या. पहिल्याच ओळीला मी ओळखलं, गाईडमधला नमुना होता. अर्ध्या वर्गाने तोच उतरवला होता आणि त्यांना मी आजवर कधी हटकलं नव्हतं.

मी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, या वेळी स्वतःचं का नाही लिहिलंस?

"गाईडमधलं लिहिलं की आईला शाळेत बोलवत नाहीत ना, टीचर," ती म्हणाली. "तिचा खाडा होतो."