पुढचा शाफ्ट काढून उरणला

कोन गावाजवळ एक्सप्रेसवे सोडला आणि गाडीच्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली. वेग वाढवला की टकटक वाढायची, कमी केला की मंदावायची. पनवेलच्या पहिल्या वस्तीपाशी पोचेपर्यंत पायाखालचा पत्रा थरथरू लागला होता.

गाडी माझ्या भावाची. जुनी, उंच, चारही चाकं सतत ओढणारी. शेजारी माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. उरणजवळ खाडीकाठच्या एका गावात त्यांचं माहेर. धाकटी बहीण मोठ्या दुखण्यातून उठली होती, तिला भेटायचं होतं. गुडघ्यांमुळे आईंना एसटी झेपत नाही, नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मिरजेहून आम्ही दोघीच निघालो होतो. आम्हा दोघींचं भांडण कधी नव्हतं, पण गप्पाही फारशा नव्हत्या. साताऱ्यापासून पुण्यापर्यंत आम्ही मोजकंच बोललो असू.

तिथे दिसलेलं गॅरेज इक्बालभाईंचं होतं. बरीच वर्षं मस्कतला काढून परतलेले, पांढऱ्या दाढीचे. ते गाडीखाली शिरले आणि हात पुसत बाहेर आले.

"ताई, पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट आहे ना, त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटलाय. असंच चालवलं तर शाफ्ट रस्त्यात गळून पडेल. नवा क्रॉस उद्या मिळेल."

"आज उरणला जायचंय हो. पेशंट वाट बघतेय."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग शाफ्ट काढून ठेवतो. गाडी मागच्या चाकांवर जाईल, इन्शाल्ला. फक्त ही लॉकची दांडी मी सरकवतो, ती तशीच राहू द्या. ती सुटली तर सगळी ताकद पुढच्या रिकाम्या तोंडाला जाईल. इंजिन ओरडेल, गाडी हलणार नाही."

गिअरच्या बाजूची ती आखूड दांडी त्यांनी कडेला सरकवली. काढलेला शाफ्ट मागे ठेवला आणि आम्ही निघालो.

न्हावा शेवा बंदराचा रस्ता म्हणजे कंटेनरची चालती भिंत. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला ट्रेलर. एका पुलाच्या चढावर रांग थांबली. आरशात फक्त मागच्या ट्रेलरची जाळी दिसत होती. इथे दांडी सुटली तर? रांग हलली. मी क्लच सोडला, मागची चाकं किंचित घसरली आणि गाडी चढली. ब्लाउज पाठीला चिकटला होता. आई खिडकीबाहेर बघत होत्या. "खाडीचा वास आला," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या गावात शिरताना रस्ता चुकला. आम्ही गेलो तो रस्ता थेट खाडीच्या धक्क्याकडे उतरत होता. डाव्या हाताला मिठाचे ढीग, समोर भरतीचं गढूळ पाणी. वळायला जागा नव्हती. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. तो नावापुरताच धरायचा, म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं आणि पत्ता विचारायला उतरले. गिअरमधली गाडी कुठे जाणार?

ढिगाजवळ एक माणूस फावडं धरून उभा होता. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि मागे खट् असा आवाज आला. आईंनी मांडीवरची पिशवी दोन सीटच्या मधे ठेवायला वाकून जोर दिला होता. दांडी सरकली होती.

गाडी निघाली. आधी इतकी हळू, की मला भास वाटला.

"अगं, ही चालली!" आई ओरडल्या.

मी धावले. माझ्या बाजूचं दार उघडायला गेले तर हँडल हातातून निसटलं. उघड्या खिडकीतून हात आत घातला, पण ब्रेक खाली, पायापाशी. हाताला लागलं ते फक्त स्टीअरिंग. इंजिन बंद, त्यामुळे ते दगडासारखं जड. धक्क्याचा शेवट दिसत होता. मी गाडीबरोबर पळत पळत, सगळं अंग टाकून ते डावीकडे ढकललं. चप्पल निघाली, घोटा दगडावर आपटला, आणि गाडीचं डावं तोंड मिठाच्या ढिगात घुसलं. ढीग कोसळला. गाडी थांबली.

आईंच्या खिडकीतून मीठ आत ओतलं गेलं होतं. पदर, मांडी, पिशवी, सगळं पांढरं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी खांद्याला हात लावला तसे उघडले.

फावडेवाला धापा टाकत आला. मी म्हटलं, "दादा, तुमचं मीठ..."

"मिटाचं काय, परत गोला करू. म्हातारी बरी हाय ना?"

"बरी हाय रं," आईच म्हणाल्या. "मी इथलीच. नामाची थोरली पोर." मिरजेत इतकी वर्षं कधी न ऐकलेली बोली त्यांच्या तोंडून आली.

चार-पाच जणांनी दोर लावून गाडी वर ओढली. संध्याकाळी आईंच्या बहिणीने, मावशीने, तांदळाच्या भाकरीबरोबर निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं, कालवण वाढलं. बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गावातला एक ड्रायव्हर दांडी परत कडेला सरकवून आम्हाला गाडीतून पनवेलला घेऊन आला. मी चालवायला बसलेच नाही. इक्बालभाईंनी ऐकून डोक्याला हात लावला. "लॉक सुटला की गिअरसुद्धा गाडीला धरत नाही. हे सांगायला हवं होतं मी." त्यांनी नवा क्रॉस घालून शाफ्ट जागेवर बसवला, हँडब्रेक घट्ट केला, आणि आम्ही घाट चढून परत निघालो.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, समुद्र पाहिला का? नाही पाहिला. मला आठवतो तो एक उतार, आणि त्याच्या शेवटी पाणी. आई मात्र सगळ्यांना मावशीबद्दल आणि निवट्यांबद्दल सांगत राहिल्या. त्या उताराबद्दल अवाक्षर नाही. राग असेल, असं धरून मीही गप्प राहिले.

एका दुपारी मी सुजलेल्या घोट्याला लेप लावत होते. आई येऊन शेजारी बसल्या, वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लेप लावू लागल्या.

"स्टीअरिंगवरचा हात का सोडला नाहीस?" त्यांनी विचारलं. "तूही गेली असतीस पाण्यात."

"सुचलंच नाही. पण आई, तुमच्या बाजूचं दार उघडता आलं असतं. तुम्ही उडी का नाही मारलीत?"

त्या लेप लावत राहिल्या.

"तू पळत होतीस ना बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता ही मला सोडायची नाही."