पुणे की उल्हासनगर, रेवाला विचारलंत?

मंडळी, आमच्या शाळेत अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. तो गजर अजून कानात आहे. आज आमच्या अंबरनाथच्या घरात तसाच गजर चालला होता, "पुणे! पुणे!"

नात रेवा बारावी झाली. उल्हासनगरचं कॉलेज जवळ, फीही परवडणारी. पुण्यासाठी मुलगा कर्ज काढणार.

"मला इथंच शिकायचंय," रेवा म्हणाली.

"तू गप्प बस, तुला काय कळतंय!" मुलगा खेकसला.

"अरे, शिकणार कोण? ती की तू?" माझं डोकंच फिरलं.

"बाबा, लोक विचारतात हो," सूनबाई म्हणाल्या.

लोकांना सांगायला पोरगी शिकवायची का? तुम्हीच सांगा.

हे टाइप करतोय तोच बेल वाजली. दारात रेवाचा पुण्याचा मामा, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"भाची कुठंय? सीट पक्की करूनच आलोय!"