गाय बाटली

निलंग्याजवळच्या आमच्या गावात, गायरानातल्या बाभळीखाली आमची देवणी जातीची गाय मला हाड चघळताना दिसली. मी लातूरला शाळेत शिकवते, सुट्टीला घरी आले होते. पुढ्यात वाळलं गवत होतं. ते सोडून ती डोळे मिटून हाड चावत होती आणि दाढांखाली ते करकर वाजत होतं.

आमचं घर लिंगायत. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, आणि महादेवाच्या अभिषेकाला दूध याच गाईचं. मी घरी सांगितलं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, अर्ध्या पूजेतून उठले.

"गाय बाटली," ते म्हणाले. "तिचं दूध आता घरात न्हाई यायचं. सोमवारी बाजारात नेतो."

अव्वानं, माझ्या आईनं, चरवीतलं सकाळचं दूध मुकाट्यानं मोरीत ओतलं. या गाईला तिनं वासरू असल्यापासून वाढवलेलं. अप्पांचा मला भयंकर राग आला, पण त्यांच्यापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. मी परसात जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, आमची गाय बाटली."

"कोणती बाटली? कॅल्शियमची का?"

एरवी मी पोट धरून हसले असते.

हाडाचं ऐकून ते संध्याकाळी आले. गाईचं तोंड तपासलं, बरगड्या चाचपल्या.

"या गवतात फॉस्फरस न्हाईच म्हणा ना. चाऱ्यात मिळंना, म्हणून हाडाला तोंड लावून राहिली. असल्या हाडानं विषबाधा होऊन मरंल एखाद दिवशी. पेंडीत रोज मिनरल मिक्श्चर द्या, चाराबी नीट खाईल."

अप्पांना ते पटेना. "इतकी वरसं ह्याच गवतावर दूध दिलं की तिनं. तवा कुठून आणत होती?"

"सोताच्या हाडातून," डॉक्टर हात धूत म्हणाले. "दुधात कमी पडू देत न्हाई गाय. अंगातलं काढून देती."

दर सुट्टीत पेला पेला प्यायलेलं तिचं दूध मला आठवलं. अव्वा गाईच्या उघड्या पडलेल्या बरगड्यांवरून हात फिरवायला लागली.

अप्पांनी पेंडीचं घमेलं ओढलं, डॉक्टरांनी दिलेली भुकटी त्यात आपल्या हातानं कालवली आणि गाईपुढे ठेवली.

"म्हंजे महादेवालाबी मी तिच्या हाडातलंच वाहत होतो," ते म्हणाले.

सोमवारच्या बाजाराचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.