मशीन स्वच्छ निघालं

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे पुसपुसबाई म्हणतात. नाव मीच ठेवलंय, आणि मला त्याची लाज नाही. शेजारच्या टेबलावर कोणी सारखं पुसत बसलं तर डोकं फिरणारच! पण कामाला वाघीण. रक्तातल्या प्रोटीनचे बारीक तुकडे करायचे, ते मशीनमध्ये सोडायचे, आणि मशीनने मोजलेल्या वजनांवरून कुठलं प्रोटीन किती आहे ते ओळखायचं, हे आमचं काम. नसा झिजायला लागल्या की रक्तात वाढणारं एक प्रोटीन आम्ही शोधतो. तिची आई त्याच आजाराने गेली. आधी हात गेले, मग बोलणं, मग श्वास.

तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं, आणि निरोगी माणसं सुई पाहिली की पळतात. म्हणून तिने धाकट्या भावाला गळ घातली. नळ्यांवर नुसते नंबर असतात, पण भावाचा नंबर तिला पाठ होता.

त्या दुपारी त्याच्या नंबराखाली त्या प्रोटीनची रेघ पडद्यावर उंच चढली. रोग्यांइतकंच. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आधी रोग्याची नळी होती ना?" मी म्हटलं. "त्याचंच काहीतरी मशीनमध्ये चिकटलं असेल. उष्ट्या ताटात वाढल्यासारखं झालंय, दुसरं काही नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

असं होतं कधीकधी. तपासणं सोपं असतं. त्या रोग्याचा नमुना पुन्हा सोडायचा, आणि पाठोपाठ रक्त नसलेलं नुसतं द्रावण. द्रावणातही ते प्रोटीन दिसलं तर दोष मशीनचा. एरवी आम्ही हात जोडतो, बाबा रे, काही दिसू देऊ नकोस. त्या दिवशी दोघी पडद्याला डोळे लावून घाण दिसायची वाट बघत होतो.

रेघ सपाट आली. मशीन लख्ख होतं. भावाची नळी पुन्हा लावली, तर प्रोटीन तिथेच, तेवढंच.

"एका नळीने काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. खरंच होत नाही. पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

तिने भावाला फोन लावला. हातात मोजे होते, म्हणून स्पीकर चालू केला.

"काय गं ताई?"

"अरे, ते रक्त जरा परत द्यावं लागेल. मशीनमध्ये घोळ झालाय."



"ताई, मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत गं हल्ली. तू मागे लागलीस म्हणून नाही दिलं मी रक्त. डॉक्टरकडे जायची हिंमत होत नव्हती, म्हणून तुला दिलं. आता खरं काय ते सांग."